हात सापडला नाही

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या माळ्यावर
मी दोन वेबकॅम टांगलेत सायकलच्या तारेनं.
लक्ष्मीपुरीत साडेतीनशेला एक, घासाघीस करून.
एकाच्या काचेवर ओरखडा आहे, त्यामुळे त्याला
साऱ्या जगावर एक केस पडलेला दिसतो.

परदेशी हातमोज्याची किंमत एकदा विचारली होती.
तेवढ्यात आमच्याकडं एक म्हैस येते,
वर महिन्याची वैरण.

दस्तगीरचाचा मोल्डर. एकतीस वर्षं वाळू ठोकली.
उजव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात गेली,
करंगळी आणि तिची शेजारीण, असं ते सांगतात.
उरलेल्या तिनांत जे आहे ते
मला पडद्यावर उतरवायचंय:
खोटी वाळू, खोटा साचा, खोटं लोखंड.
नव्या पोरांनी आधी इथं चुकावं,
मग भट्टीपाशी जावं.

आयता प्रोग्राम उतरवला. त्यानं माझा हात लगेच ओळखला,
एकवीस ठिपके, पेरापेरावर,
हळदीची बोटं उठावीत तसे.
मग चाचांनी हात धरला.
पडदा म्हणाला, हात सापडला नाही.
त्यांनी तो पँटीला पुसला, पुन्हा धरला.
हात सापडला नाही.
"खरं हाय की," चाचा हसले,
"आमीबी लई हुडकलं तवा."

त्या रात्री मी तो प्रोग्राम काढून टाकला.

बाबांचा स्टुडिओ बंद होऊन अकरा वर्षं झाली.
बिस्किटांच्या डब्यात अजून लग्नांचे रोल आहेत,
प्रत्येकाच्या टोकाला एक काळा तुकडा,
कॅमेऱ्यात भरताना उजेडानं जळलेला.
त्याची प्रत कुणी कधी मागितली नाही.
डोळ्यांना त्यातून काही दिसत नाही,
पण टीव्हीच्या रिमोटमधला तो न दिसणारा उजेड
त्यातून आरपार जातो.

"कुणाचं लग्न कापायलीस?" बाबांनी विचारलं.
कुणाचंच नाही. जळका भाग.
"मग आण इकडं. तुझी कात्री वाकडी जाते."

वेबकॅम उघडला, आतली लालसर काच नखानं काढली,
तिथं तो काळा चौकोन बसवला.
माळा विझला. भिंत, कॅलेंडर, चहाचे कप, मी,
सगळे गेलो.
शिंप्याकडून आणलेली तीन अंगुस्तानं,
प्रत्येकाच्या टोकाला एक दिवा, घड्याळाच्या सेलवर.
चाचांनी घातली.
काळ्यात तीन ठिपके उगवले.
अंगठा, तर्जनी, मधलं.
कॅमेऱ्यानं पुढचं काही विचारलं नाही.

दोन डोळे झाल्यावर खोलीही कळली.
चाचांनी वाळू दाबली, साचा उघडला,
"वजन न्हाई," म्हणाले. "वास न्हाई.
हे लोखंड हाय का उसाचा रस?"
तरी पळी कलंडताना त्यांनी
डावा पाय झटक्यानं मागं घेतला.
पाय टिपायला कॅमेरा नव्हता तिथं.

तीनच्या सुमाराला एक घोटाळा झाला.
पत्र्याला भोक आहे, खिळ्याएवढं,
त्यातून ऊन उतरलं भिंतीवर
आणि पडद्यावर चौथा ठिपका आला.
साचा थरथरला, पळी उलटी झाली.
मी पोतं घेऊन शिडीवर चढले.

"राहू दे जरा."

ठिपका जागचा हलत नव्हता.
चाचांनीच हात सावकाश त्याच्याकडं नेला,
थोडा वर, थोडा आत, मान तिरकी करून,
साच्यात गाभा बसवावा तसा,
मधल्या बोटाशेजारच्या मोकळ्या जागी
तो नेमका येईपर्यंत.

खाली लेथ थांबला होता. कुणीतरी चहा सांगितला.
मी पोतं धरून शिडीवरच उभी राहिले,
ऊन सरकेपर्यंत.